ट्रॅक ऑडिओत बाउन्स करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात चरईत आमची दहा बाय बाराची रेकॉर्डिंगची खोली आहे. गणपतीच्या आधीचे दोन महिने आणि लग्नसराईत फोन थांबत नाही. त्यातले बरेचसे एकाच वळणाचे: "दादा, माझ्याकडे गाणं नीट वाजतं, तुमच्याकडे का नाही वाजत?" तीच उत्तरं देऊन तोंड दुखायला लागलं, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत.

बाउन्स म्हणजे नेमकं काय?

सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही जे वाजवलं, कापलं, सजवलं त्याची आवाजाची पक्की फाइल काढणं.

मिडी ट्रॅकमध्ये आवाज नसतोच. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली एवढीच नोंद असते. म्हणजे ती स्वरलिपी झाली. वहीत लिहिलेली बंदिश एकच असली तरी गाणारा बदलला की गाणं बदलतं. तसा तुमचा मिडीचा तुकडा माझ्याकडच्या व्हायोलिनवर वेगळा वाजणार, आणि ते व्हायोलिन माझ्याकडे नसेलच तर वाजणारच नाही. बाउन्स केला की त्याची वेव्ह फाइल होते आणि ती कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच वाजते.

गायलेल्या ट्रॅकचाही बाउन्स काढतात. ट्यूनिंग, श्वासांची कापाकापी, दहा टेकमधून जोडलेली एक ओळ, हे सगळं एकदा पक्कं केलं की पुढे घोळ होत नाही.

हा शब्द आला कुठून?

टेपच्या काळातून. मशिनवर ट्रॅक चारच असायचे. मग तीन ट्रॅकवर वाद्यं भरायची, ती तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायची आणि रिकाम्या झालेल्या तीन ट्रॅकवर पुढचं रेकॉर्ड करायचं. या उड्या मारण्याला बाउन्स म्हणत. १९६७ साली लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत बीटल्ससुद्धा चार ट्रॅकच्या मशिनवरच काम करत होते. १९७९ मध्ये टॅस्कॅमने पोर्टास्टुडिओ आणला आणि हीच कसरत साध्या कॅसेटवर, घरात बसून करता येऊ लागली.

तेव्हा प्रत्येक उडीला टेपची सुरसुर वाढायची आणि जुनं पुसलं जायचं. तबला जास्त झाला असं नंतर वाटलं तरी काही करता यायचं नाही. आता सुरसुर वाढत नाही आणि जुनंही राहतं. त्यामुळे लोक ठरवणंच सोडून देतात. माझ्याकडे चाळीस चाळीस ट्रॅकचे प्रोजेक्ट येतात, त्यात सहा बासऱ्या. यातली कुठली ठेवायची ते नंतर बघू, म्हणतात. कधी बघणार?

बाउन्स, फ्रीझ, रेंडर, एक्स्पोर्ट हे सगळं एकच का?

रेंडर आणि बाउन्स बोलताना एकच. एक्स्पोर्ट म्हणजे फाइल प्रोजेक्टच्या बाहेर काढणं.

फ्रीझ मात्र वेगळा. त्यात सॉफ्टवेअर आतल्या आत तात्पुरती ऑडिओ फाइल बनवतं आणि प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेली वाद्यं आणि इफेक्ट) झोपवून ठेवतं. प्रोसेसर हलका होतो. एखादा सूर बदलायचा असला की अनफ्रीझ करायचं, बदलायचं, परत फ्रीझ. लॅपटॉप धापा टाकत असेल तर आधी फ्रीझ करून बघा. पण फ्रीझ केलेला प्रोजेक्ट दुसऱ्याला पाठवून काम होईल अशी आशा धरू नका.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये हे कुठे असतं?

लॉजिकमध्ये तुकडा निवडून कंट्रोल-बी दाबा, बाउन्स इन प्लेस येतं. पूर्ण गाण्यासाठी कमांड-बी. क्युबेसमध्ये एडिट मेनूत रेंडर इन प्लेस. एबलटनमध्ये ट्रॅकच्या नावावर उजवं क्लिक करून आधी फ्रीझ, मग फ्लॅटन, लाइव्ह १२.२ पासून थेट बाउन्सही आला आहे. रीपरमध्ये ट्रॅकवर उजवं क्लिक, रेंडर-फ्रीझ ट्रॅक्स. स्टुडिओ वनमध्ये ट्रान्सफॉर्म टू ऑडिओ ट्रॅक. तिथे वाद्याची मूळ स्थिती जपून ठेवण्याच्या चौकटीत टिक करा, म्हणजे मागे फिरता येतं. प्रो टूल्समध्ये कमिट. याच प्रो टूल्समध्ये २०१३ च्या अकराव्या आवृत्तीपर्यंत ऑफलाइन बाउन्स नव्हता. सहा मिनिटांचं गाणं काढायला सहा मिनिटं हाताची घडी घालून बसावं लागायचं. मला विचाराल तर ते बरं होतं, माणूस एकदा तरी पूर्ण गाणं ऐकायचा.

घणसोली, कोपरखैरणे, दिवा इकडून येणारी हळदीची आणि कोळीगीतं बहुतेक एफएल स्टुडिओत केलेली असतात. तिथे प्लेलिस्टमध्ये ट्रॅकच्या नावावर उजवं क्लिक करून कन्सॉलिडेट निवडा आणि सॉन्ग स्टार्टवालाच पर्याय घ्या, ट्रॅक स्टार्टवाला नको. कारण पुढे येतंच आहे. सगळे ट्रॅक एकदम काढायचे असतील तर कंट्रोल-आर दाबून स्प्लिट मिक्सर ट्रॅक्सवर टिक करा. पण त्याआधी प्रत्येक वाद्य मिक्सरच्या आपापल्या ट्रॅकवर सोडलंय ना ते बघा. नाहीतर ढोलकी, टाळ्या आणि बेंजो एकाच फाइलमध्ये गळ्यात गळे घालून येतात.

आवाज तुटतोय, म्हणजे बाउन्स करायलाच हवा का?

लगेच नाही. बफर बघा, म्हणजे कॉम्प्युटर एका घासात आवाजाचे किती सॅम्पल घेतो ते. रेकॉर्डिंगला ६४ किंवा १२८ ठीक, कारण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येऊन चालत नाही. रेकॉर्डिंग संपल्यावर ५१२ किंवा १०२४ करा. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल असताना, १०२४ सॅम्पल म्हणजे जवळपास २१ मिलिसेकंद. मिक्स करताना ते कुणाला जाणवत नाही. तरी तुटला तर फ्रीझ, तरीही तुटला तर बाउन्स.

इफेक्टसकट काढू की कोरा?

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात.

माझा नियम साधा आहे. जो इफेक्ट काढला तर ते वाद्य तेच राहणार नाही, तो ठेवा. गिटारचा अ‍ॅम्प, सिंथचा फिल्टर, एखाद्या ओळीवर मुद्दाम लावलेला टेलिफोनसारखा आवाज, तालात बसवलेला डिले. हे तुमच्या गाण्याचं अंग आहे. जो इफेक्ट फक्त 'जरा गोड वाटावं' म्हणून लावलाय तो काढा. गायकाच्या आवाजावरचा भलामोठा रिव्हर्ब (घुमारा), प्रत्येक ट्रॅकवर सवयीने टाकलेला कॉम्प्रेसर. रिव्हर्ब एकदा फाइलमध्ये मुरला की बाहेर येत नाही. चहात पडलेली साखर आहे ती.

ठरत नसेल तर दोन फाइल काढा, एक कोरी आणि एक इफेक्टसकट. गायकाच्या आवाजाच्या बाबतीत मी तर तीन मागतो: कोरा, ट्यून केलेला आणि तुमचा रिव्हर्ब एकटा वेगळ्या फाइलमध्ये. मग तुमची हौसही कळते आणि मला हातही चालवता येतो.

मास्टरवरचा (सगळे ट्रॅक शेवटी एकत्र येतात तिथला) लिमिटर मात्र ट्रॅक काढताना बंदच. तो सगळ्या वाद्यांच्या बेरजेला बघून काम करतो. एकेकटा ट्रॅक त्यातून काढला तर तो वेगळंच वागतो, आणि नंतर सगळे ट्रॅक एकत्र ठेवले तरी तुमचं मूळ मिक्स परत येत नाही.

शेवटचा रिव्हर्ब खटकन तुटतो.

शेपटाला जागा ठेवली नाही. टेल नावाचा पर्याय चालू करा, किंवा निवड दोन-चार बार पुढे ओढा. तानपुरा, झांज आणि डिले असेल तर जास्तच.

प्रत्येक फाइल शून्यापासूनच का काढायची? माझी बासरी तर दुसऱ्या अंतऱ्यात येते.

कारण मिक्स करणाऱ्याला तुमचा दुसरा अंतरा कुठे आहे ते माहीत नाही. सगळ्या फाइल एकाच बिंदूपासून सुरू झाल्या की त्या नुसत्या ओढून टाकायच्या, गाणं जुळलं. बासरीआधीची दीड मिनिटं शांतता असली तर असू दे.

गाण्यात सुरुवातीला आलाप असेल तर हे आणखी महत्त्वाचं. आलाप क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, नसतो. तिथे बार मोजून काही हाती लागत नाही. एक भजनाचं काम आलं होतं, तबला आणि पखवाज वेगवेगळे कापून पाठवलेले. विलंबित लयीत सम कुठे पडते ते अंदाजाने बसवताना माझी अख्खी दुपार गेली, आणि शेवटी पखवाजवाल्यालाच बोलावून घेतलं. त्याने आल्या आल्या सांगितलं, "अर्धी मात्रा मागे आहे."

सोबत टेम्पो लिहून पाठवा. टेम्पो मध्ये बदलत असेल तर मिडीची फाइलही द्या, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तिच्यातून टेम्पोचा नकाशा येतो.

सॅम्पल रेट ४४.१ की ४८?

प्रोजेक्ट ज्यात सुरू केला त्यातच शेवटपर्यंत रहा. व्हिडिओसाठी गाणं असेल तर सुरुवातीपासून ४८ किलोहर्ट्झ. फक्त ऑडिओ असेल तर ४४.१ ने काही बिघडत नाही, सीडीही त्याच आकड्यावर चालते.

गडबड होते ती दोन्ही मिसळल्यावर. ऐरोलीच्या एका गायिकेचा आवाज तिच्या घरी ४८ वर रेकॉर्ड झाला होता, माझा प्रोजेक्ट ४४.१ चा. फाइल आत घेताना सॉफ्टवेअर रूपांतर करू का विचारतं, तिथे मी घाईत नको म्हटलं. बाईंची पट्टी काळी चार. आवाज वाजला तो काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या बरोबर मध्ये, लटकलेला आणि संथ. पाच मिनिटांचं गाणं पाच मिनिटं सव्वीस सेकंदांचं झालं होतं. त्यांना वाटलं, त्यांचा गळाच बसलाय. मी आधी हार्मोनियमवर संशय घेतला, तिच्या पट्ट्या तपासल्या. आकड्यांकडे बघायला अर्धा तास लागला. पाऊण स्वराला किंचित कमी इतकी घसरण दिसली की दुसरीकडे शोधू नका, हेच असतं. उलट झालं, म्हणजे ४४.१ ची फाइल ४८ मध्ये तशीच वाजली, तर गाणं तेवढंच वर चढतं आणि पळतं.

किती बिट?

ट्रॅकसाठी २४. तुमचं सॉफ्टवेअर देत असेल तर ३२ बिट फ्लोट. त्यात आवाज शून्य डीबीच्या वर गेला तरी फुटत नाही, मागाहून फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ओढता येतो. तोच ट्रॅक २४ मध्ये काढला तर वरचं डोकं कायमचं छाटलं जातं.

१६ बिट फक्त शेवटच्या, सीडीसाठीच्या फाइलला. त्याच वेळी डिदर (बिट कमी करताना मिसळायची बारीक सुरसुर) लावा, एकदाच. मधल्या कामात नको.

जागेचा हिशोब हवा असेल तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडा वर जातो, स्टिरिओ त्याच्या दुप्पट. पाच मिनिटांच्या गाण्याचे तीस मोनो ट्रॅक म्हणजे सव्वा जीबीच्या पुढे. गूगल ड्राइव्हच्या फुकटच्या १५ जीबीत अशी दहा-अकरा गाणी मावतील, घरच्या फोटोंनी आधीच भरली नसेल तर.

नॉर्मलाइज करू का?

नको. तुम्ही लावलेलं आवाजाचं माप पुसलं जातं. मागे हळूच वाजणारी झांज ढोलकीएवढी मोठी होऊन येते.

बाउन्स केल्यावर वेगळं ऐकू येतं. माझा भास आहे का?

कधी भास असतो, कधी नसतो. आधी नेहमीचे गुन्हेगार तपासा.

सोलो. कुठलाही ट्रॅक सोलोवर राहिला असेल तर बाउन्समध्ये तेवढाच जातो. हे मी स्वतः केलंय. एका मंडळाचं आगमनाचं गाणं, रात्री दोन वाजता पाठवलं, फोन बंद करून झोपलो. सकाळी बावीस मिस्ड कॉल. गाण्यात फक्त ताशा होता. पाठवण्याआधी मी फाइल पहिली दहा सेकंद ऐकली होती, आणि पहिली दहा सेकंद ताशाच होता! तेव्हापासून फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीन ठिकाणी ऐकतो, तीही सॉफ्टवेअर बंद करून साध्या प्लेअरवर.

साइडचेन. किक वाजली की बेस दबतो अशी जोडणी असेल आणि तुम्ही किक म्यूट करून बेस काढलात, तर काही सॉफ्टवेअरमध्ये बेस दबतच नाही. काढून झाल्यावर ऐका.

मर्जीने वाजणारी वाद्यं. चांगल्या सॅम्पल लायब्ररीत एकाच सुराचे चार-पाच वेगळे रेकॉर्डिंग असतात आणि ते आलटून पालटून वाजतात. सिंथमधले काही एलएफओ (आवाज संथपणे हलवत ठेवणारे) गाण्याच्या सुरुवातीशी बांधलेले नसतात. त्यामुळे प्रत्येक बाउन्स थोडा वेगळा येतो. आवडला तो बाउन्स ठेवा, पुढचा तसाच येईल याची खात्री नाही.

पॅन. मोनो ट्रॅक स्टिरिओ बसमधून (ट्रॅक एकत्र जातात त्या वाटेतून) काढला की काही वेळा आवाज ३ डीबीने खाली-वर होतो. सूर बिघडलेला नसतो, फेडर हलवा.

तरी शंका असेल तर भास तपासायची पक्की रीत आहे. बाउन्स केलेली फाइल मूळ ट्रॅकच्या खाली, अगदी त्याच जागी ठेवा, तिची फेज उलटी करा, दोन्ही एकत्र वाजवा. पूर्ण शांतता झाली तर दोन्ही सारखे, कान दमलेत, खाली जाऊन चहा पिऊन या. काही कुजबुज उरली तर तेवढाच फरक आहे, आणि तो कसला ते त्या कुजबुजीतून ऐकू येतं.

बाहेरचा कीबोर्ड जोडलाय, त्याचा बाउन्स मुका येतो.

ऑफलाइन बाउन्स गाण्यापेक्षा वेगाने पळतो, तुमचा कीबोर्ड तसा पळू शकत नाही. त्याचा आवाज इंटरफेसमधून ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्ड करून घ्या, किंवा रिअल टाइम बाउन्स करा. आणि तेव्हा पंखा बंद.

स्टेम आणि मल्टिट्रॅक यात फरक काय?

मल्टिट्रॅक म्हणजे प्रत्येक वाद्य सुटं. स्टेम म्हणजे गट: सगळी तालवाद्यं एक, सगळे तंतू एक, कोरस एक, मुख्य आवाज एक. मिक्सला मल्टिट्रॅक लागतात. मास्टरिंगला किंवा स्टेजला स्टेम पुरतात. "स्टेम पाठव" असं कुणी म्हटलं तर आधी विचारा, कारण वाशीपासून बदलापूरपर्यंत दोन्हीला स्टेमच म्हणतात.

दिवाळी पहाटला मायनस ट्रॅकवर गायचं आहे. तो कसा काढू?

मुख्य आवाज म्यूट करून पूर्ण मिक्सचा बाउन्स. कोरस ठेवायचा का ते गायकाला विचारा. आवाजाचा रिव्हर्ब वेगळ्या बसवर असेल तर तोही बंद झाला ना बघा, नाहीतर गायक नसताना त्याचं भूत गात राहतं.

सोबत तबलजी प्रत्यक्ष वाजवणार असेल तर डावीकडे पूर्ण ट्रॅक मोनो आणि उजवीकडे नुसता क्लिक अशी फाइल काढा. डावं साउंडवाल्याकडे, उजवं तबलजीच्या कानात. गडकरी रंगायतन असो की वाशीचं भावे नाट्यगृह, साउंडवाल्या दादांना आधी भेटून हे सांगा. नाहीतर पहिल्या गाण्याला अख्खं थिएटर टिक टिक ऐकतं.

एमपीथ्री पाठवली तर चालेल?

ऐकायला चालेल, कामाला नाही. दर्जाचा मुद्दा आहेच, पण दुसरा कुणी सांगत नाही: एमपीथ्री बनताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता घुसते. बरेचदा ती २५ मिलिसेकंदांच्या आसपास असते. वेव्ह ढोलकीसोबत एमपीथ्री ताशा ठेवला की दोन माणसं एकमेकांकडे न बघता वाजवतायत असं वाटतं. वेव्ह पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर डॉक्युमेंट म्हणून.

फाइलींना नावं काय द्यावीत?

'ऑडिओ १७' आणि 'फायनल फायनल नवीन' सोडून काहीही. वाद्य, कोरं की इफेक्टसकट, टेम्पो. 'ढोलकी कोरी ९६' वाचून मला दुसरा प्रश्न पडत नाही.

बाउन्स झाल्यावर मूळ मिडी काढून टाकू का?

कधीच नाही. ट्रॅक म्यूट करा, लपवा, प्रोजेक्टची दुसरी प्रत करून त्यात हवं ते उडवा. उद्या निर्माता म्हणणार, सगळं छान आहे, फक्त अर्धा स्वर खाली घ्या. मिडी असेल तर दोन मिनिटांचं काम. ऑडिओ खेचून अर्धा स्वर खाली आणता येतो, पण सनई जरा नाकात गेल्यासारखी वाटते.

आणि नुसत्या मिडीवरही राहू नका. घणसोली गावातला एक मुलगा त्याचं आठ वर्षांपूर्वीचं हळदीचं गाणं घेऊन आला. बहिणीच्या लग्नात नवीन शब्दांनी वाजवायचं होतं. प्रोजेक्ट उघडला तर अकरा प्लगइन सापडत नाहीत म्हणून खिडक्या एकावर एक आल्या. लॅपटॉप बदललेला, तेव्हाचे प्लगइन कुणाकुणाकडून घेतलेले, लायसन्सचा पत्ता नाही. ढोलकी, बेंजो आणि आवाज होते, कारण ते माइकवर रेकॉर्ड केले होते. ब्रास, बेस आणि तो सगळ्यांच्या तोंडी असलेला सुरुवातीचा सिंथचा तुकडा, सगळे मुके. मिडीचे ठिपके तेवढे दिसत होते. आम्ही फोनमधल्या जुन्या एमपीथ्रीवरून तो आवाज जुळवत बसलो. दोन रात्रींनी जवळपास तसा झाला. त्याच्या आईने मात्र पहिल्या सेकंदाला ओळखलं: "हा तो नाय."

तुम्ही आमचा प्रोजेक्ट बाउन्स करून द्याल का?

देऊ. ज्या लॅपटॉपवर गाणं केलंय तोच घेऊन या, प्लगइन त्याच्यातच असतात. डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) असेल तर तोही. ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरा, चालत या, रिक्षा लागत नाही. आणि चार्जर विसरू नका, इथे तुमच्या पिनचा नसतो.